मिनटीटीवायच्या खिडकीत विंडोजचे नेटिव्ह प्रोग्रॅम : एक परीक्षण

विंडोजवर बॅश हा युनिक्सचा शेल (आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या बहुतेकांची मिनटीटीवाय या टर्मिनलाशी, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीशी, गाठ त्याचे नाव माहीत होण्याआधीच पडलेली असते. गिट फॉर विंडोज बसवल्यावर 'गिट बॅश' या नावाने जी खिडकी सहसा उघडते ती मिनटीटीवायचीच असते, आणि विंडोजवर युनिक्सची साधने चालवू देणाऱ्या सिग्विन व एमसिस२ यांचेही ते नेहमीचे टर्मिनल आहे. या टर्मिनलात बॅश, ग्रेप, व्हिम, लेस, एसएसएच अशी युनिक्स परंपरेतली साधने उत्तम चालतात, याबद्दल फारसे दुमत नाही. खरी कसोटी लागते ती विंडोजसाठीच बांधलेला एखादा कमांड-लाइन प्रोग्रॅम त्याच खिडकीत सुरू केल्यावर. विंडोज इन्स्टॉलरने बसवलेला पायथन, नोड, पीएसक्यूएल हा डेटाबेसचा क्लायंट, पॉवरशेल, डॉकरचा क्लायंट आणि साधा सीएमडी हे सगळे अशा नेटिव्ह प्रोग्रॅममध्ये मोडतात, आणि आजच्या कामात यांच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून या लेखात मिनटीटीवायचे परीक्षण याच एका कसोटीवर केले आहे. विनपीटीवाय हे मदतनीस साधन आणि विंडोजची कॉनपीटीवाय ही सोय यांचाही विचार ओघाने येईल, कारण त्यांना बाजूला ठेवून या टर्मिनलाबद्दल न्याय्य मत देता येत नाही.

टर्मिनल म्हणून त्याची जडणघडण थोडक्यात सांगतो. अँडी कोप यांनी पुटी या प्रसिद्ध एसएसएच क्लायंटच्या ०.६० या आवृत्तीच्या कोडवर मिनटीटीवाय उभारले आणि नंतर थॉमस वोल्फ यांनी त्याची धुरा घेतली. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आकाराने लहान आहे आणि क्षणात उघडते. मजकूर माउसने निवडला की तो लगेच कॉपी होतो, ऑल्ट+एफ२ दाबले की त्याच मांडणीची नवी खिडकी उघडते, ऑल्ट+एफ३ ने मागच्या मजकुरात शोध घेता येतो, आणि सगळ्या सेटिंग्ज एका साध्या मजकूर फाइलीत राहत असल्यामुळे नव्या यंत्रावर जाताना ती एक फाइल नेली तरी काम भागते. चोवीस बिटांचे रंग आणि सिक्सेल पद्धतीची चित्रेही ते दाखवते. दिवसभर डोळ्यांसमोर असणाऱ्या खिडकीकडून मला जो नेटकेपणा हवा असतो तो येथे पुरेपूर आहे, आणि त्यामुळेच पुढे येणाऱ्या अडचणी सोडवण्याचा खटाटोप करावासा वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. युनिक्सच्या जगात प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांच्यामध्ये स्यूडो-टर्मिनल, म्हणजेच पीटीवाय, असतो. प्रोग्रॅम अक्षरांचा प्रवाह सोडतो, त्या प्रवाहातच 'कर्सर येथे न्या', 'येथून पुढे लाल रंग वापरा' अशा सूचना एस्केप सीक्वेन्सच्या रूपाने मिसळलेल्या असतात, आणि टर्मिनल त्या वाचून पडदा रंगवते. विंडोजने फार वेगळा मार्ग निवडला होता. तेथे कन्सोल ही ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेली एक वस्तू आहे, आणि प्रोग्रॅम तिच्यावर थेट फंक्शने चालवतो: कर्सरची जागा ठरवण्यासाठी एक फंक्शन, पडद्याचा एखादा आयत एकदम भरण्यासाठी दुसरे, कळ दाबल्याची नोंद वाचण्यासाठी तिसरे. विंडोज ७ पासून हे कन्सोल सांभाळण्याचे काम कॉनहोस्ट नावाची प्रक्रिया करते. जुन्या पद्धतीने लिहिलेला नेटिव्ह प्रोग्रॅम असे गृहीत धरूनच चालतो की आपल्यामागे खरे कन्सोल आहे.

मिनटीटीवायच्या मागे तसे कन्सोल नसते. त्याच्या मागे सिग्विन किंवा एमसिस यांनी घडवलेला पीटीवाय असतो, आणि तो पीटीवाय विंडोजच्या पातळीवर नेम्ड पाइप, म्हणजे दोन प्रोग्रॅममध्ये मजकूर वाहून नेणारी नाव दिलेली वाहिनी, वापरून तयार केलेला असतो. सिग्विनच्या लायब्ररीवर बांधलेल्या प्रोग्रॅमना त्या पाइपमागचा पीटीवाय ओळखता येतो. नेटिव्ह प्रोग्रॅमला मात्र फक्त पाइप दिसतो, आणि आपले आउटपुट टर्मिनलाकडे जात नसून एखाद्या फाइलीकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळवले आहे असे तो समजतो. नेटिव्ह प्रोग्रॅम या खिडकीत विचित्र वागतात, त्यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गैरसमजात आहे, आणि हे एकदा लक्षात आले की एरवी असंबद्ध वाटणाऱ्या लक्षणांची संगती लागते.

पायथनचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. कोणतीही जुळवाजुळव न केलेल्या जुन्या गिट बॅशमध्ये 'पायथन' असे लिहून एंटर दाबले की ना आवृत्तीची ओळ येते, ना तीन कोनांचा प्रॉम्प्ट, म्हणजे 'आता लिहा' अशी खूण. कर्सर रिकाम्या ओळीवर लुकलुकत राहतो. प्रोग्रॅम अडकला असे वाटते, पण तो अडकलेला नसतो. इनपुट टर्मिनलातून येत नाही असे त्याला दिसते, म्हणून तो संवादाच्या अवस्थेत न जाता, येणारा सगळा मजकूर ही एक स्क्रिप्ट आहे असे मानून ती संपण्याची वाट पाहतो. त्याच अवस्थेत दोन-तीन ओळी लिहून कंट्रोल+डी दाबले तर त्या ओळी एकदम चालून उत्तरे खाली पडतात. पायथनला संवादाची सक्ती करणारा 'आय' हा पर्याय दिला की प्रॉम्प्ट दिसू लागतो, परंतु बाणाच्या कळांनी मागच्या ओळी आणण्याची सोय तरीही मिळत नाही.

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचे दुखणे थोडे वेगळे असते. आउटपुट टर्मिनलाकडे जात नसेल तर सीची रनटाइम लायब्ररी ते लगेच बाहेर न टाकता बफरमध्ये साठवते. मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये ओळीगणिक बफर रिकामा करण्याची पद्धतच नाही. तशी मागणी केली तरी ती पूर्ण बफरिंग म्हणूनच हाताळली जाते. परिणामी एखादे लांबलचक काम टप्प्याटप्प्याने प्रगती सांगत असले तरी पडदा कोराच राहतो आणि शेवटी सगळ्या ओळी एकदम कोसळतात. आपल्याच प्रोग्रॅमच्या कोडला हात लावता येत असेल तर प्रत्येक छपाईनंतर बफर रिकामा करण्याची आज्ञा देता येते, पण दुसऱ्याने बांधून दिलेल्या प्रोग्रॅमपुढे आपण हतबल असतो.

पासवर्डची गोष्ट याहून त्रासदायक आहे. विंडोजवरचे पायथनचे पासवर्ड विचारणारे मॉड्यूल अक्षरे थेट कन्सोलकडून मागते. कन्सोल तर मिनटीटीवायच्या मागे नाही. सिग्विनने नेटिव्ह प्रोग्रॅमच्या सोयीसाठी जे अदृश्य कन्सोल उघडून ठेवलेले असते, त्याच्याशी आपल्या कळफलकाचा संबंध नसतो. त्यामुळे प्रोग्रॅम एका ठिकाणी कान देऊन बसतो आणि आपण दुसऱ्याच ठिकाणी टंकत राहतो. खिडकीच्या रुंदीचेही असेच होते: पाइपला रुंदी नसते, म्हणून पायथनसारखे प्रोग्रॅम ८० स्तंभ आणि २४ ओळी असे ठरीव माप धरतात, आणि रुंद पडद्यावरही तक्ते अरुंद छापले जातात.

काही प्रोग्रॅमनी यावर स्वतःच तोड काढली आहे. सिग्विन आणि एमसिस यांच्या पाइपांची नावे ठरावीक साच्यातली असतात. त्या नावात 'एमसिस' किंवा 'सिग्विन' आणि पुढे 'पीटीवाय' असे शब्द येतात. गिट फॉर विंडोजचा गिट हा स्वतः नेटिव्ह प्रोग्रॅम असूनही मिनटीटीवायमध्ये रंग दाखवतो आणि लांब आउटपुट पेजरमध्ये (पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडतो, याचे कारण तो पाइपचे नाव तपासून पलीकडे टर्मिनल आहे हे ओळखतो. गो भाषेतल्या पुष्कळ साधनांतही हीच युक्ती एका लहान लायब्ररीमार्फत आलेली आहे. रंगांपुरता हा उपाय चांगला आहे, पण पूर्ण पडदा वापरणाऱ्या किंवा एकेक कळ वाचणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा उपयोग नाही.

अशा प्रोग्रॅमसाठी रायन प्रिचर्ड यांनी विनपीटीवाय लिहिले. त्याची कल्पना धाडसी आहे. आज्ञेच्या आधी 'विनपीटीवाय' हा शब्द लावला की ते पडद्याआड एक खरे विंडोज कन्सोल उघडते, प्रोग्रॅम त्या कन्सोलमध्ये चालवते, थोड्या थोड्या वेळाने कन्सोलचा पडदा वाचत राहते, आधीच्या आणि आताच्या पडद्यात जो फरक पडला असेल तो एस्केप सीक्वेन्समध्ये बदलून मिनटीटीवायला देते, आणि आपण दाबलेल्या कळा उलट्या दिशेने त्या कन्सोलच्या इनपुटमध्ये सोडते. थोडक्यात, ते दोन भाषांमध्ये बसलेला दुभाष्या आहे. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वाचता येणारे नाव दिलेले मूल्य) लावून ते लपवलेले कन्सोल डोळ्यांसमोर उघडता येते, आणि डावीकडे मूळ कन्सोल, उजवीकडे मिनटीटीवायमधली त्याची प्रतिमा असे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की या कामातले कौशल्य ध्यानात येते. फार मॅनेजर या फाइल व्यवस्थापकासारखा, पडद्यावर थेट आयत भरणारा प्रोग्रॅमही याच्यामार्फत मिनटीटीवायमध्ये वापरण्याजोगा चालतो. मायक्रोसॉफ्टने कोणतीही अधिकृत वाट ठेवलेली नसताना हे साधन उभे राहिले, याबद्दल त्याच्या कर्त्याविषयी मनापासून आदर वाटतो.

या साधनाचा प्रसार किती झाला हे डॉकरच्या एका संदेशावरून कळते. संवादी कंटेनर मिनटीटीवायमधून सुरू करू पाहिला तर डॉकर नुसता नकार देऊन थांबत नाही. इनपुटचे उपकरण टीटीवाय, म्हणजे टर्मिनल, नाही असे सांगून, मिनटीटीवाय वापरत असाल तर आज्ञेआधी विनपीटीवाय लावून पाहा, असा सल्लाही देतो. त्रुटीच्या संदेशात उपायाचे नाव असणे ही वापरणाऱ्याविषयीची खरी आस्था आहे, आणि इतर साधनांनीही हा पायंडा उचलावा.

विनपीटीवायच्या मर्यादा मात्र त्याच्या रचनेतूनच येतात. पडदा अंतराअंतराने वाचला जात असल्याने फार वेगाने वाहणाऱ्या आउटपुटवर भरवसा ठेवता येत नाही. कन्सोलच्या चौकटीतून रंग वाचायचे असल्यामुळे जुने सोळा रंग तेवढे पोहोचतात, बारीक छटा हरवतात. पडद्याच्या रुंदीपेक्षा लांब ओळ कन्सोलमध्ये तुटते आणि तुटलेलीच पुढे येते, त्यामुळे एखादा लांब दुवा कॉपी केला तर मध्येच ओळ मोडलेली सापडते. सर्वांत अडचणीची बाब अशी की विनपीटीवायचे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळवता येत नाही. पाइपचे चिन्ह लावून ग्रेपकडे पाठवले की आउटपुट टीटीवाय नाही असे म्हणून ते थांबते. ही अट शिथिल करणारा एक पर्याय आहे, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या मजकुरात एस्केप सीक्वेन्सची भेसळ असल्याने तो गाळून घ्यावा लागतो. ०.४.३ ही आवृत्ती २०१७ साली आली आणि सर्वत्र वापरात दिसते ती तीच. तेव्हा नव्या सुधारणांची आशा न धरता, ते जसे आहे तसे जमेस धरावे हे बरे.

गिट फॉर विंडोजने नोड, पीएचपी, पीएसक्यूएल अशा काही प्रोग्रॅमसाठी विनपीटीवाय आपोआप जोडणारे एलियस, म्हणजे आज्ञांची टोपणनावे, दिलेले आहेत, आणि म्हणूनच पुष्कळ जणांना ही अडचण कधी जाणवतच नाही. परंतु बॅश एलियस उलगडतो तो फक्त संवादी सत्रात. तोच प्रोग्रॅम स्क्रिप्टमध्ये आला की एलियस लागू होत नाही, आणि हाताने चालणारी आज्ञा स्क्रिप्टमध्ये का बिघडते याचा शोध भलत्याच दिशेने सुरू होतो.

याच ठिकाणी मार्गांच्या रूपांतराचाही उल्लेख करायला हवा, कारण त्याचा दोष बहुतेक वेळा टर्मिनलाच्या माथी मारला जातो. एमसिस२ आणि गिट बॅश नेटिव्ह प्रोग्रॅमला आज्ञा देताना तिरक्या रेघेने सुरू होणारे शब्द युनिक्स पद्धतीचे मार्ग समजून त्यांचे विंडोज पद्धतीत रूपांतर करतात. फाइलींच्या नावांसाठी हे सोयीचे आहे, पण सीएमडीला दिलेला तिरकी रेघ आणि सी हा पर्याय त्यामुळे सी ड्राइव्हचा मार्ग होऊन बसतो, आणि डॉकरला दिलेला कंटेनरच्या आतला मार्ग बाहेरच्या यंत्रावरचा मार्ग बनतो. दोन तिरक्या रेघा देणे हा त्यावरचा लहान उपाय आहे. गिट फॉर विंडोजमध्ये हे रूपांतर पूर्ण थांबवणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही आहे. सिग्विन असे काहीच आपणहून करत नाही, तेथे सिगपाथ नावाचे साधन आपल्याला बोलवावे लागते. मला सिग्विनची ही शिस्त अधिक पसंत आहे, कारण कोणता शब्द बदलला जाईल याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. 'फाइंड' आणि 'सॉर्ट' या नावांचे प्रोग्रॅम युनिक्स आणि विंडोज या दोन्ही घराण्यांत आहेत आणि शोधमार्गात जो आधी सापडेल तो चालतो, हेही स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

परिस्थिती खऱ्या अर्थाने पालटली ती २०१८ मध्ये. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने स्यूडो-कन्सोल म्हणजे कॉनपीटीवाय उपलब्ध करून दिले. यात कॉनहोस्ट स्वतःची खिडकी न उघडता चालतो, नेटिव्ह प्रोग्रॅमने चालवलेली कन्सोलची फंक्शने आतून झेलतो आणि पडद्यावरचा बदल एस्केप सीक्वेन्सच्या प्रवाहात बाहेर देतो. जे काम विनपीटीवाय बाहेरून पडदा वाचून करत होते, तेच आता कन्सोल सांभाळणारी प्रक्रिया करू लागली. दुभाष्या कायम आहे, पण तो घरातला आहे, आणि त्याला पडद्यावर काय दिसते याबरोबरच प्रोग्रॅमने काय मागितले हेही कळते. सिग्विनने ३.१ या मालिकेपासून आपल्या पीटीवायला या सोयीची जोड दिली. सिग्विनमध्ये ती मुळातच चालू असते. एमसिस२ मध्ये मात्र ती 'एमसिस' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'इनेबल पीकॉन' हे मूल्य, मधल्या अंडरस्कोअरसह, ठेवून चालू करता येते, आणि गिट फॉर विंडोज बसवताना प्रायोगिक पर्यायांच्या पानावर तिच्यासाठी वेगळी चौकट येते. ते मूल्य शेल सुरू होण्याआधीच ठरलेले असावे लागते. चालू सत्रात घाईने ठेवले तर काही बदल झाल्याचे दिसत नाही आणि सोयच निकामी आहे असा समज होतो.

ही जोड चालू केल्यावर मिनटीटीवायचे रूप बदलते, असे मी निःसंकोच म्हणेन. पायथन लगेच प्रॉम्प्ट देतो, बाणाच्या कळा मागच्या ओळी आणतात, पॉवरशेलमध्ये टंकतानाच आज्ञेला रंग चढतो, पासवर्ड पडद्यावर न उमटता स्वीकारला जातो. आज्ञेआधी कोणताही शब्द लावावा लागत नाही, आणि आउटपुट ग्रेपकडे किंवा लेसकडे वळवले तर तेही नेहमीसारखे वळते. विनपीटीवायच्या तुलनेत ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला देणे हाच कमांड-लाइनवर काम करण्याचा गाभा आहे.

देवनागरीच्या कसोटीवर हा फरक सर्वांत ठळक दिसतो. पायथनने ३.६ या आवृत्तीपासून विंडोज कन्सोलवर लिहिताना युनिकोडचा थेट मार्ग धरला आहे. पण समोर पाइप दिसला की तो सिस्टिमचे जुने कोड पेज (मोजक्या अक्षरांचे कोष्टक) वापरतो, आणि ते कोड पेज पश्चिम युरोपीय असेल तर 'नमस्कार' एवढा एक शब्द छापण्याची आज्ञाही एन्कोडिंगच्या त्रुटीने कोसळते. सीएमडीकडून फाइलींची यादी मागवली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात. स्यूडो-कन्सोल चालू केल्यावर तोच शब्द आणि तीच यादी युनिकोडमधून कॉनहोस्टकडे आणि तेथून यूटीएफ-८ मधून मिनटीटीवायकडे येते, आणि मराठी मजकूर वाचता येतो. पाइपच्या मार्गानेच जायचे असेल तर पायथनला यूटीएफ-८ ची सक्ती करणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरावे; त्याने त्रुटी टळते.

वाचता येतो असे मी जपून म्हटले आहे. टर्मिनलाचा पडदा समान रुंदीच्या चौकोनांत विभागलेला असतो आणि देवनागरीचे अक्षर अनेक चिन्हांनी मिळून बनते. 'नमस्कार' या शब्दात युनिकोडची सात चिन्हे आहेत. रुंदीच्या रूढ कोष्टकानुसार त्यातल्या हलन्ताला जागा मिळत नाही आणि काना स्वतंत्र चौकोन घेतो, त्यामुळे 'स्का' हे एक अक्षर तीन चौकोनांवर पसरते. नेटिव्ह प्रोग्रॅम, कॉनहोस्ट आणि मिनटीटीवाय या तिघांची रुंदीची मोजणी तंतोतंत जुळली नाही, तर ओळ दुरुस्त करताना कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्याच जागी खोडले जाते. मराठी मजकूर नुसता पाहायचा असेल तर हे चालून जाते. टर्मिनलातच त्याचे संपादन करायचे असेल तर अजून पुष्कळ सुधारणा हवी आहे, आणि हा दोष कोणा एका प्रोग्रॅमचा नसल्यामुळे तो लवकर दूर होईल असेही दिसत नाही.

कंट्रोल+सी दाबल्यावर काय होते, हा प्रश्न दिसायला किरकोळ असला तरी डेटाबेसशी काम करणाऱ्यासाठी तो महत्त्वाचा आहे. नेटिव्ह प्रोग्रॅमला युनिक्सचे सिग्नल कळत नाहीत. त्याला कन्सोलकडून एक घटना कळवली जाते आणि ती आल्यावर तो अर्धवट काम आवरून, तात्पुरत्या फाइली पुसून बाहेर पडू शकतो. पाइपवर चालणाऱ्या जुन्या रचनेत अशी घटना कळवणारे कन्सोलच मध्ये नसल्याने प्रोग्रॅम आवरण्याची संधी न मिळता बंद पडण्याची शक्यता असे. विनपीटीवाय आणि स्यूडो-कन्सोल या दोन्ही मार्गांत ही घटना योग्य रीतीने पोहोचते, आणि मी तर एवढ्या एका कारणासाठीही त्यांची शिफारस करेन.

मग थेट विंडोज टर्मिनलच का वापरू नये, असा प्रश्न येथे रास्तपणे विचारला जाईल. मे २०१९ मध्ये घोषित झालेले आणि मे २०२० मध्ये १.० या आवृत्तीला पोहोचलेले ते टर्मिनल मुळातच कॉनपीटीवायवर उभे आहे. नेटिव्ह प्रोग्रॅम तेथे कोणत्याही तयारीविना चालतात, आणि ज्याचा सगळा दिवस पॉवरशेल, डॉटनेट किंवा डॉकरमध्ये जातो त्याने तेच घ्यावे. परंतु त्याच टर्मिनलात गिट बॅश किंवा सिग्विन उघडले की बाजू उलटते. आता सिग्विनचे व्हिम आणि लेस यांना पीटीवाय मिळत नाही, कन्सोल मिळते, आणि त्यांचा प्रत्येक एस्केप सीक्वेन्स कॉनहोस्टमधून गाळून टर्मिनलापर्यंत येतो. मिनटीटीवायमध्ये युनिक्सची साधने पडद्याशी थेट बोलतात आणि नेटिव्ह प्रोग्रॅमना मध्यस्थ लागतो. विंडोज टर्मिनलात सिग्विनची साधनेसुद्धा मध्यस्थामार्फत बोलतात. दोन्ही घराण्यांना सारखाच थेट मार्ग देणारी खिडकी विंडोजवर नाही, आणि म्हणून निवड करताना फॉन्ट आणि रंगसंगती यांच्याआधी आपल्या दिवसातला मोठा वाटा कोणत्या घराण्याच्या साधनांचा आहे हे पाहावे. माझे बहुतेक काम व्हिम, एसएसएच आणि बॅशच्या स्क्रिप्टांमध्ये चालते आणि अधूनमधून पायथन व पीएसक्यूएल लागतात. अशा मिश्रणाला स्यूडो-कन्सोलची जोड दिलेले मिनटीटीवाय मला सर्वांत चोख वाटते.

तक्रारी उरतातच. नेटिव्ह प्रोग्रॅम सुरू होताना स्यूडो-कन्सोल उभे करावे लागत असल्याने किंचित विलंब जाणवतो; एकेका आज्ञेत तो नगण्य आहे, पण लूपमध्ये शेकडो वेळा एखादा लहान नेटिव्ह प्रोग्रॅम बोलावणाऱ्या स्क्रिप्टला तो भोवू शकतो. कॉनहोस्ट पडद्याची स्वतःची प्रत ठेवतो, म्हणून खिडकीचा आकार प्रोग्रॅम चालू असतानाच बदलला तर दोन प्रतींचा मेळ क्षणभर सुटून जुन्या ओळी पुन्हा उमटलेल्या दिसू शकतात. मिनटीटीवाय सिक्सेल चित्रे दाखवत असले तरी नेटिव्ह प्रोग्रॅमने पाठवलेले चित्र मधल्या कॉनहोस्टला कळले तरच पुढे जाते, तेव्हा पडद्याची ती क्षमता नेटिव्ह प्रोग्रॅमसाठी गृहीत धरू नये. आणि गिट फॉर विंडोजमध्ये या सोयीवर 'प्रायोगिक' हा शिक्का असल्यामुळे, जिला सर्वाधिक उपयोग होईल अशी नवखी व्यक्ती ती चौकट रिकामी ठेवूनच पुढे जाते. एक ओळ अधिक लिहून, पायथन किंवा नोड मिनटीटीवायमध्ये संवादी रीतीने वापरणार असाल तर हे निवडा, असे तेथे स्पष्ट सांगितले तर पुष्कळांचा वेळ वाचेल.

विंडोजची आवृत्ती १८०९ हून जुनी असेल, किंवा कार्यालयाच्या यंत्रावर इन्स्टॉलरच्या निवडी आपल्या हातात नसतील, तर विनपीटीवाय हाच आधार आहे आणि तो भक्कम आहे. अशा वेळी रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी स्वतःचे एलियस लिहून ठेवावेत आणि स्क्रिप्टमध्ये मात्र विनपीटीवाय कधीही घालू नये, कारण तेथे आउटपुट जवळजवळ नेहमीच कोठेतरी वळवलेले असते.

आपल्या यंत्रावरची जुळणी नीट झाली आहे की नाही हे पडताळण्यासाठी पायथन पुरेसा आहे. आधी त्याला स्टँडर्ड आउटपुट टीटीवाय आहे का हे विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर मागे खरे किंवा स्यूडो कन्सोल आहे. मग टर्मिनलाचे माप विचारावे, खिडकी ओढून रुंद करावी आणि पुन्हा विचारावे. दोन्ही वेळा ८० आणि २४ हेच आकडे आले तर प्रोग्रॅमला अजून पाइपच दिसतो आहे. शेवटी पासवर्ड विचारणारे फंक्शन चालवून काहीतरी टंकावे आणि एंटर दाबावे. अक्षरे पडद्यावर न दिसता प्रॉम्प्ट परत आला तर जुळणी पूर्ण आहे. काहीच घडले नाही तर ती खिडकी बंद करून, व्हेरिएबल कोठे ठेवले आहे आणि शेल त्याच्या आधी तर सुरू झाला नव्हता ना, हे प्रथम तपासावे.